गुडघा बदलून घरी आल्यावर: हळू हालचाल, श्वास आणि विसावा याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघ्याचं सांधेरोपण झालेल्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. पहिल्या दिवशी गेलं की बहुतेक घरांत चित्र सारखंच असतं: आजी पलंगावर, गुडघ्याखाली दोन उशा, नातवंडांना खोलीत यायची बंदी, आणि कोपऱ्यातल्या वॉकरवर टॉवेल वाळत घातलेला. प्रश्नही थोड्याफार फरकाने तेच. रोज तोंडी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

एक आधीच सांगते. हे सगळं पहिल्यांदाच झालेल्या, गुंतागुंत नसलेल्या ऑपरेशनबद्दल आहे. बदललेला गुडघा पुन्हा बदलला असेल, ऑपरेशनच्या वेळी हाड तडकलं असेल, तर पायावर वजन किती टाकायचं हा हिशेबच वेगळा. तुमच्या सर्जननी काही निराळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं.

चारच दिवस झालेत. इतक्यात हलवायचं? आधी भरून तर येऊ दे.

हाड मोडलं की प्लास्टर घालून सहा आठवडे गप्प बसायचं, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं. इथे तसं नाही. बहुतेक वेळा कृत्रिम भाग हाडाला विशिष्ट सिमेंटने बसवतात, आणि ते सिमेंट तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर असतानाच, काही मिनिटांत, कडक होतं. म्हणूनच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. ती डॉक्टरांची घाई नव्हे.

भरून यायची असते ती कातडी, स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण. या गोष्टी ज्या स्थितीत पडून राहतात त्याच स्थितीत आखडतात. शिवाय सांध्यात सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला पुरता चालूच करत नाही. पेशंट म्हणतात, "पाय उचलायचा म्हणते, पण उचलतच नाही." तो आळस नसतो. पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद ऑपरेशनच्या आधीपेक्षा निम्म्याहून कमी होऊ शकते. त्याला रोज थोडं थोडं जागं करावं लागतं.

मग करायचं तरी काय आणि किती?

सुरुवात घोट्यापासून. पाऊल स्वतःकडे ओढायचं, मग पुढे ढकलायचं, शिलाई मशीनचं पायडल मारल्यासारखं. जागे असाल तेव्हा दर तासाला दहा-वीस वेळा. दिसायला अगदी किरकोळ, म्हणून सगळे हाच टाळतात. पण पोटरीचा स्नायू हा पायातलं रक्त वर ढकलणारा पंप आहे. पडून राहिल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तो कमी करायला मदत करणारी ही सर्वात स्वस्त गोष्ट.

दुसरा व्यायाम: पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची. मांडी घट्ट होते, वाटी किंचित वर सरकते. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. सोडताना खरोखर सोडायचं, अर्धवट नाही. का ते पुढच्या प्रश्नात येईल.

तिसरा: टाच गादीवरून घसरत आपल्याकडे आणायची, जिथे ताण जाणवेल तिथे थांबायचं, परत सरळ. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी किंवा गुळगुळीत ओढणी ठेवली की टाच अडखळत नाही. खुर्चीत बसून हाच प्रकार जमिनीवरही होतो, पावलाखाली पंचा ठेवून मागे सरकवायचा. अनेकांना पलंगापेक्षा खुर्चीतच तो सोपा जातो.

आणि चालणं. एकदम अर्धा तास नको. पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत, तिथे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, परत. वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. टाच आधी टेकवायची. पंजावर चालायची सवय लागली की ती मोडायला मला महिना लागतो.

इतकं हळू केलं तर गुडघा आखडणार नाही का? शेजारच्या काकांचा फिजिओ तर जोर लावून वाकवायचा. काका ओरडायचे, पण वाकला.

या एका प्रश्नासाठी मी हे पान लिहिलं असं म्हटलं तरी चालेल.

दुखेल असं वाटलं की शरीर स्नायू आवळतं. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत हाताच्या मुठी आपोआप वळतात ना, तसं. गुडघा वाकवताना आवळला जातो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि नेमका तोच ढिला झाल्याशिवाय गुडघा वाकत नाही. म्हणजे भीतीने तुम्ही स्वतःच दार आतून लावून घेता आणि बाहेरून मी ढकलत बसते. मी जितकं ढकलेन तितकं तुम्ही घट्ट धराल. दुसऱ्या दिवशी सूज वाढते, सूज वाढली की वाकणं कमी होतं, आणि घरचे म्हणतात, अजून जोर लावा.

एका आजोबांकडे चौदा दिवस हेच चाललं होतं. मी जाण्याआधी दुसरं कुणी येत असे. मला बघताच आजोबांनी पलंगाची कड धरली. त्या दिवशी मी गुडघ्याला हातच लावला नाही. त्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही हात मांड्यांवर, आणि फक्त श्वास सोडायला सांगितलं, गरम चहावर फुंकर घालतात तसा, लांब आणि सावकाश. प्रत्येक फुंकरीबरोबर पाऊल एक बोट मागे. श्वास घेताना पाऊल जिथल्या तिथे. सात-आठ फुंकरींनंतर पाऊल खुर्चीच्या पुढच्या पायांच्या रेषेत आलं होतं. आजोबा म्हणाले, "तुम्ही काहीच केलं नाहीत." खरंच केलं नव्हतं. त्यांनीच सोडलं होतं.

म्हणून श्वास आणि व्यायाम या माझ्या लेखी दोन गोष्टी नाहीत. व्यायाम सकाळी आणि 'मनःशांती' संध्याकाळी अशी वाटणी करू नका. गुडघा वाकतो तो सोडत्या श्वासावर.

पण हळू म्हणजे टाळाटाळ नव्हे, हेही ऐका. दिवसातून एकदा दात-ओठ खाऊन करण्यापेक्षा पाच-सहा वेळा शांतपणे करायचं, पण ते पाच-सहा वेळा खरंच करायचं. सुरुवातीचे आठवडे असेच घालवले आणि गुडघा ९० अंशांच्या अलीकडेच अडकला, तर कधीकधी भूल देऊन तो वाकवावा लागतो. तशी वेळ येऊ नये म्हणून तर हा खटाटोप.

किती अंश वाकायला हवा? प्रत्येक भेटीत आकडाच विचारतात.

सपाट जमिनीवर चालताना गुडघा ६५-७० अंशांच्या आसपास वाकतो. जिन्याला आणि खुर्चीतून उठायला साधारण ९० किंवा थोडं जास्त लागतं. सहा आठवड्यांच्या सुमाराला बरेच जण ९० ते ११० च्या दरम्यान पोहोचतात, पुढे ११०-१२० पर्यंत जातात. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता यावरही पुष्कळ अवलंबून असतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर मैत्रिणीचा आकडा बघून रडू नका.

माझं लक्ष मात्र आधी दुसऱ्या आकड्याकडे असतं: शून्य. गुडघा पूर्ण सरळ होतो का? वाकणं थोडं कमी राहिलं तर माणूस उंच खुर्ची शोधतो. सरळ होणं कमी राहिलं तर माणूस प्रत्येक पावलाला लंगडतो, मांडी लवकर थकते आणि कंबर धरते.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. घेऊ ना?

नको. बरं वाटतं हे खरंच आहे, कारण थोड्या वाकलेल्या स्थितीत सुजलेल्या सांध्यावर दाब कमी पडतो. पण रात्रभर तसंच राहिलं की गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली किंवा पोटरीखाली घ्या, म्हणजे गुडघा वजनाने आपोआप खाली येईल. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. कुशीवर झोपायचं असेल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी.

दुखणं कितपत सोसायचं?

ताण जाणवणं, ओढल्यासारखं वाटणं, व्यायामानंतर अर्धा-पाऊण तास ठणकणं, हे चालतं. सुरी फिरवल्यासारखी तीव्र कळ आली तर थांबा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. सूज किंवा दुखणं आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं. आज निम्मं करा, पण बंद करू नका.

वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल तर ती घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम केला की अंग जास्त साथ देतं. "गोळ्यांची सवय लागेल" म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या स्वतःहून बंद करणारे फार भेटतात. मग व्यायाम होत नाही, झोप होत नाही आणि चिडचिड घरच्यांवर निघते. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. एक मात्र खरं, काही तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. पाणी, फळं, पालेभाजी, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून औषध. कमोडवर श्वास कोंडून जोर करू नका.

बर्फ की गरम पाण्याची पिशवी? आणि तेल?

पहिले काही आठवडे बर्फ. पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, व्यायामानंतर. थेट कातडीवर कधीच नाही. टाक्यांच्या आजूबाजूला कातडी बधिर असते, त्यामुळे चटका बसल्याचं कळतही नाही. मधुमेह असेल तर जास्तच जपा. गरम शेकाने सुरुवातीला सूज वाढते.

तेलाचं म्हणाल तर, दुपारी मालिशवाल्या मावशी येणार आहेत असं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. जखमेवर तेल नको, आणि पोटरी तर अजिबात चोळायची नाही, कारण आत गुठळी असली तर ती सुटू शकते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. व्रण पूर्ण सुकला, खपल्या गेल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन व्रणावरची कातडी बोटाने हलकेच इकडे-तिकडे सरकवायची. एवढंच.

प्राणायाम केला तर चालेल का? कोणता?

दवाखान्यातून तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र घरी आलं असेल तर प्राणायाम तिथूनच सुरू झाला असं समजा. श्वास आत ओढून गोळे वर धरायचे. झोपून झोपून फुप्फुसाच्या तळाशी कफ साचू नये म्हणून ते दिलेलं असतं. नातवंडांना खेळायला देऊन टाकू नका.

शांत होण्यासाठी सर्वात सोपा प्रकार म्हणजे सोडायचा श्वास लांबवणं. चार आकड्यांत घ्या, सहा आकड्यांत सोडा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. सोडता श्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे मनगटावर बोटं ठेवून तुम्हीच तपासा. भ्रामरीही छान, कारण गुणगुणत राहायचं म्हटलं की श्वास आपसूक लांबतो. अनुलोम-विलोम चालेल, श्वास न रोखता.

कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक सध्या नको. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर नकोच. "मी वीस वर्षं करतोय" म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर असतं. वीस वर्षांत गुडघा एकदाच बदलला आहे.

महाराष्ट्रात राहून यावर संशय घ्यायचं खरं तर कारण नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्यासाठीच. कोणता श्वास कुणाला, किती आणि कधी, हे तपासून बघण्याची वृत्ती आपल्याकडे शंभर वर्षं जुनी आहे. ती सोडून टीव्हीवर दिसेल ते करू नका.

ध्यानाला बसते पण मन थाऱ्यावर राहत नाही. सगळं लक्ष गुडघ्याकडेच.

मग बसू नका. पडून करा, आणि मनाला काहीतरी काम द्या.

अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात एक पद्धत मांडली: एकेक स्नायू आधी मुद्दाम घट्ट करायचा, मग सोडायचा, म्हणजे सोडणं म्हणजे काय ते कळतं. पायाची बोटं, पोटरी, मांडी, मुठी, खांदे, जबडा असं वर वर जायचं. ऑपरेशनच्या पायाला घट्ट करणं हलकंच ठेवायचं. जबडा विसरू नका. दुखणारी माणसं दिवसभर दात आवळून असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. योगनिद्रेतही असंच शरीरभर फिरायचं असतं, पण घट्ट न करता, नुसतं लक्ष नेऊन. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी ती आजच्या रूपात लोकप्रिय केली. मोबाईलवर मराठीत ऐकायला मिळते. झोप लागली तर लागू द्या, कुणी परीक्षा घेत नाही.

आणि यातलं काहीच पटत नसेल तर जप आहेच. एका आजींनी माझ्या व्यायामाच्या कागदाची घडी करून ती पोथीत ठेवली आणि स्वतःची युक्ती काढली. एक मणी, एक 'राम कृष्ण हरी', एकदा घोटा वर-खाली. दिवसाकाठी माळ पुरी. मी दिलेलं दर तासाचं गणित त्यांनी एकदाही पाळलं नाही, आणि घोट्याचा व्यायाम त्यांच्याइतका नेमाने कुणी केला नाही.

रात्री झोप लागत नाही. दोन-अडीचला जाग येते आणि रडू येतं. कशाला केलं ऑपरेशन असं वाटतं.

पहिल्या काही आठवड्यांत हे इतक्या जणांना होतं की कुणी सांगितलं नाही तर मीच विचारते. दुखणं, दिवसा लागलेल्या डुलक्या, कूस बदलता न येणं, बाथरूमला जायला कुणाला तरी उठवायचा संकोच, सगळं एकत्र होतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. शेवटची गोळी झोपायच्या वेळेशी जुळवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. जाग आली तर तळमळत पडण्यापेक्षा उठून, दिवा लावून, वॉकरने खोलीत दोन फेऱ्या मारा, थोडा बर्फ लावा, मग लांब श्वासावर पडा.

घरच्यांना: अशा वेळी "सगळ्यांचंच दुखतं" म्हणू नका. आणि ही उदासी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, खाण्यावरची वासना उडाली, व्यायाम पूर्ण थांबला, तर ते डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे, स्वभाव नव्हे.

मांडी घालून बसता येईल का? पूजा, पंगत, भारतीय शौचालय?

बहुतेक सर्जन खाली बसू नका असंच सांगतात. काही जणांचा गुडघा पुढे मांडी घालण्याइतका वाकतोही, पण वाकतो म्हणून रोज बसावं असं नाही. उकिडवं बसणं आणि भारतीय शौचालय तर बंदच समजा. कमोड नसेल तर ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा; नंतर धावपळ होते. कमोडच्या बाजूला भिंतीला दांडा बसवून घेतला तर उत्तम.

पूजेचं अनेकांना मनातून लागतं, ते मी समजू शकते. पाटावर बसायचं नाही तर देव वर घ्या. उंच टेबलावर देव्हारा, समोर हात असलेली खुर्ची. एका घरात सुनेने गणपतीची आरासच टेबलावर मांडली आणि सासूबाईंनी खुर्चीत बसून सगळी पूजा सांगितली, नेहमीपेक्षा जास्त अधिकाराने.

जिना?

चढताना चांगला पाय आधी. उतरताना ऑपरेशनचा आधी. एका हाताने कठडा. काठी वापरत असाल तर सपाट जमिनीवर ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात. हे ऐकून सगळे चुकीचं काढतात माझं, पण काठी विरुद्ध हातातच.

आई ऐकतच नाही. व्यायाम म्हटलं की "उद्या".

आधी बघा, घरात तिला काही करू देता का? पाणी हातात, ताट पलंगावर, रिमोट उशाशी. मग व्यायाम हा एकच कटकटीचा भाग तिच्या वाट्याला उरतो. त्यापेक्षा चहा स्वयंपाकघरातच मिळेल असं ठरवा. निवडायची भाजी डायनिंग टेबलावर ठेवा. व्यायामाला वेळ नको, खूण द्या: चहानंतर, मालिकेच्या जाहिरातीत, संध्याकाळच्या दिव्यानंतर.

आणि उठवताना काखेत हात घालून ओढू नका. तिला खुर्चीच्या कडेवर पुढे सरकू द्या, हात खुर्चीच्या हातांवर, श्वास सोडत उठू द्या. तुम्ही शेजारी उभे राहा. वडील असतील तर अजून एक: त्यांना सूचना मुलाने देण्यापेक्षा नातवाने दिलेल्या चालतात. कारण विचारू नका.

आसनं कधी सुरू करता येतील?

टाके निघाले, चालणं काठीवर आलं, सर्जननी तपासलं, की खुर्चीवरची आसनं सुरू करता येतात: हात वर ताणणं, पाठ लांब करणं, बसून हलकं वळणं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लोड, लाकडी ठोकळे घेऊन आसन शरीराला जुळवून घ्यायची जी पद्धत रूढ केली, ती अशा वेळी फार उपयोगाची आहे. शिकवणाऱ्याला गुडघा बदलल्याचं पहिल्या मिनिटाला सांगा. वज्रासन, पद्मासन, मालासन नाही. गुडघे टेकून करायची आसनंही बहुतेकांना खुपतात.

गुडघ्यात टकटक आवाज येतो, हात लावला तर गरम लागतो, आणि बाहेरच्या बाजूला बधिर आहे.

आवाज धातू आणि प्लॅस्टिकचा आहे, दुखत नसेल तर दुर्लक्ष करा. थोडी ऊब आणि सूज काही महिने राहते, विशेषतः संध्याकाळी. बधिरपणा चिरेच्या जवळून जाणारी बारीक नस दुखावल्यामुळे असतो. तो हळूहळू आक्रसतो, पण एखादा पट्टा कायम राहू शकतो. चालण्यावर त्याचा परिणाम नाही.

घाबरून लगेच फोन कधी करायचा?

पोटरी दुखते, टणक लागते, एकाच पायाची सूज अचानक वाढते आणि पाय वर ठेवूनही उतरत नाही: त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं: वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. ताप, थंडी वाजणं, जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं: सर्जनना त्याच दिवशी. पडलात आणि पायावर वजनच टाकता येत नाही: तसंच. यातलं काहीही श्वासाने, बर्फाने किंवा व्यायामाने बरं होणारं नाही.

गाडी कधी चालवू? आणि आषाढीची वारी?

चारचाकी, उजवा गुडघा असेल तर सहा आठवड्यांच्या आत बहुधा नाही. झोप आणणाऱ्या गोळ्या बंद आणि ब्रेक जोरात दाबता यायला हवा. दुचाकीला आणखी उशीर, कारण सिग्नलला तिचं वजन पायावर पेलावं लागतं. सर्जनना विचारल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

आळंदी ते पंढरपूर पायी म्हणजे अडीचशे किलोमीटरांच्या आसपास, आणि मुक्कामाला खाली झोपायचं. ऑपरेशनच्या वर्षी नको. एखाद्या टप्प्यात सकाळचे दोन-तीन किलोमीटर चालून गाडीत बसणारे माझ्याकडचे दोघं आहेत. त्यांची वारी झाली की नाही हे मी ठरवणार नाही.

तीन महिन्यांनी मुलीकडे अमेरिकेला जायचंय. जमेल?

सर्व नीट असेल आणि सर्जननी परवानगी दिली तर सहसा जमतं. त्याआधीचा इतका लांब प्रवास शक्यतो टाळतात, तो गुठळीच्या धोक्यामुळे. रक्त पातळ ठेवायचं औषध किंवा दाबाचे मोजे लागतील का, ते आधी विचारा. कडेची सीट घ्या, जागे असाल तेव्हा तासाभराने उठून मधल्या वाटेने एक फेरी, आणि बसल्याजागी घोटे वर-खाली. विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना आवाज होऊ शकतो. गडबडून जाऊ नका, गुडघ्याकडे बोट दाखवा. सलवार किंवा सैल पॅन्ट घालून गेलात तर व्रण दाखवायला सोपं पडतं, आणि व्हीलचेअर मागवायची असेल तर ती तिकीट काढतानाच मागवा.